मी निवडलेली पाटी

कशाला खोटं बोलू, माझी धाकटी जाऊ मला पहिल्या दिवसापासून सलत होती. ती वाईट होती म्हणून नव्हे. वाईट असती तर सोपं झालं असतं, चारचौघांत तिच्या नावानं बोटं तरी मोडली असती. पण ती हसतमुख, कामाला वाघ, आणि तिच्या हातात चित्र होतं. चित्र तर माझ्या हातात होतं! आमच्या तेर रूज गावात, घरी, देवळात, कारखान्यात चित्र काढणारी म्हणजे मी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ही बया आली.

माझं माहेर रिव्हिएर दू रांपार गावचं. वडलांचा भाजीचा लहानसा मळा होता. वांगी, मिरच्या, आणि पोमदामूर, म्हणजे तुमचे टोमॅटो. बाजाराला जाणाऱ्या पेट्यांवर ओळखीची खूण म्हणून मी कोळशानं काहीबाही काढायची. एका हंगामात कोंबडा काढला. बाजारातली माणसं 'कोंबड्याची पेटी द्या' म्हणून मागायला लागली, तेव्हा वडील म्हणाले, पोरीच्या हातात कळा आहे हो. आणि त्याच महिन्यात माझं लग्न ठरवून टाकलं.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला आमच्या बेटावर लोकरी कपड्यांचे कारखाने उभे राहिले. उसात जाणाऱ्या बायका सकाळच्या बसनं कारखान्यात जायला लागल्या. मीही गेले. दोन वर्षं पुलओव्हरच्या अंगाला बाह्या जोडल्या, फास मोजून मोजून डोळे जायची वेळ आली. एकदा मशीन बंद पडलं म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी समोरच्या बाईचं तोंड काढत बसले होते. मालकाच्या माणसानं ते पाहिलं. मला वाटलं, झालं, गेली नोकरी. तर त्यानं मला वर नेलं. वर म्हणजे जिन्यानं वर, नक्षीच्या खोलीत. तिथं पंखा होता, खुर्ची होती आणि चौकटीचे कागद होते. एक चौकट म्हणजे विणीचा एक टाका. त्या चौकटी भरून मी हरणं काढायची, सुरूची झाडं काढायची आणि बर्फाचे तारे काढायची. हरणं आमच्या रानात आहेत. बर्फ मी बापजन्मी पाहिला नव्हता, पण युरोपातले लोक माझा बर्फ छातीवर मिरवत होते. ती खोली माझी होती. घरी सून, मळ्यावर पोरगी, पण त्या खोलीत मला 'मादाम' म्हणायचे.

ऐंशीच्या पुढे दिरांचं लग्न झालं. मुलगी रोझ हिल शहरातली, कॉलेजात गेलेली, फ्रेंच फाडफाड बोलणारी. पोशाख साधा, हातात काकणं दोन-दोनच, आणि घड्याळ उजव्या मनगटावर. मी मनात म्हटलं, हे काय उलटं? मग ती पानावर चटणी वाढायला बसली आणि कळलं, पोरगी डावखुरी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. मी नवी नवरी असताना एकदा डाव्या हातानं तांब्या पुढे केला, तर तीन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. म्हटलं, आता बघते कशी टिकते.

टिकली की! सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "देवानंच दिलेला हात गो. तो काय करेल बापडा?" तीन दिवस माझे मोजलेले, आणि हिला देवाचा दाखला! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण मी हसले. थोरल्या सुनेला हसावं लागतं.

त्या वर्षीच्या गणेशचतुर्थीला देवळातल्या मूर्तीमागचा पडदा रंगवायचा होता. आठ वर्षं तो मी रंगवत आले होते, डोंगर, कमळं, वर ढग. मंडळाचे लोक घरी आले, चहा प्यायले, आणि म्हणाले, "यंदा नव्या सूनबाईंना द्या की, त्यांचाही हात बघू." माझ्यासमोर! मी म्हटलं, "द्या, द्या, आमच्यात कसला दुजाभाव." तिनं डोंगर नाही काढला. तिनं आमचाच किनारा काढला, खडकांचा, आणि पाण्यात सकाळचा उजेड. लोक आरती विसरून पडद्याकडे बघत होते. आमचे हे सुद्धा म्हणाले, "पाणी हलल्यासारखं वाटतं, नाही का?" मी त्यांच्याशी घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाही. पाणी हलतंय म्हणे. जावाजावांचा उभा दावा असं म्हणतात, पण दावा दोघींचा असतो. इथं दावा माझा एकटीचाच, तिला त्याची खबरही नव्हती.

आणि तिला कारखान्यात लावलं कुणी? मीच. सासूबाई म्हणाल्या, दीर म्हणाले, ह्यांनी भुणभुण लावली. नाही म्हणावं तर मन दिसणार. म्हटलं, खाली बाह्या जोडेल, जोडू दे. चार महिन्यांत ती वर आली, माझ्या शेजारच्या टेबलाशी.

तिची काढायची तऱ्हा भारी विचित्र. आपण कागदावर मनगट टेकतो, तसं ती टेकतच नसे. हात अधांतरी धरायची, नुसतं पेन्सिलीचं टोक कागदाला लागायचं. मी तिला बगळा म्हणायची. "काय गं बगळ्या, मासा सापडला का?" ती हसायची. एकदा म्हणाली, "ताई, शाळेत शाईची पेनं होती. डाव्या हातानं लिहिलं की आपलंच लिहिलेलं हाताखाली पुसलं जातं. मास्तरीण बाई पट्टी मारायची, डाव्या हाताला म्हणून एक आणि डागाला म्हणून एक. मग शिकले हात वर धरायला." मी "अगंबाई" म्हटलं आणि माझ्या हरणाची शिंगं भरायला लागले. कुणाची दुःखं ऐकली की माणूस मऊ होतो म्हणतात. मी नाही झाले. मला वाटलं, पट्ट्या खाऊनसुद्धा हिचा हात असा कसा सरळ?

मग ती गोष्ट आली. आमच्या मिस्येंनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, आम्हांला बोलावलं. भला माणूस, पण फिरवून बोलायची सवय नाही. म्हणाले, युरोपातली गिऱ्हाइकं आता नक्षी आठवड्यात मागतात, महिन्यात नाही. आपण कॉम्प्युटर घेतोय. तिथं सगळे त्याला ऑर्दिनातर म्हणायचे. त्याला एक पाटी जोडलेली असते, तिच्यावर खास लेखणीनं चित्र काढायचं, आणि ते समोरच्या पडद्यावर उमटतं. रंग बदलायचा तर चुटकीसरशी बदलतो. "पण यंत्र एक, खुर्ची एक. तुमच्या दोघींपैकी जिचा हात त्या पाटीवर चालेल ती वर बसेल. दुसरी खाली तपासणीला."

तपासणी म्हणजे काय, ते मी पाहिलं होतं. दिवसभर उभं राहायचं, दिव्यावर बाही ताणून धरायची आणि भोकं शोधायची. वयस्क बायका तिथं पाठवत. तिथून वर आलेली बाई मी कधी पाहिली नाही.

मी म्हटलं, "बरं." पुढे ते म्हणाले, "राजधानीतून, पोर्ट लुईहून, एक विक्रेता दोन तऱ्हेच्या पाट्या घेऊन येतोय. मला चित्रातलं काही कळत नाही. मादाम, तुम्ही जुन्या, तुम्ही निवडा."

विक्रेता आला त्या दिवशी जाऊ रोझ हिलला गेली होती. तिच्या आईचा पाय मोडला होता. जाताना फाटकाशी थांबून म्हणाली, "ताई, तुम्ही निवडाल ती. मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं, "जा तू, आईकडे बघ." आणि मनात म्हटलं, बरं झालं.

विक्रेत्यानं टेबलावर दोन पाट्या मांडल्या. एक मोठी, पोळपाटाच्या दुप्पट, जाडजूड, वजनाला दगड. तिची लेखणी लांब वायरीनं वरच्या कडेला मधोमध बांधलेली. दुसरी लहान, काळी, मांडीवर मावेल एवढी. तिची लेखणी म्हणजे नुसती प्लास्टिकची काडी, वायर नाही काही नाही. मोठीवर लेखणीचं टोक नुसतं फिरवलं की पडद्यावर रेघ. लहानीवर मात्र दाबावं लागे, दाब पडला की रेघ. मी उभ्या उभ्याच दोन्हींवर एकेक वर्तुळ काढून पाहिलं, काडी चिमटीत धरून, जशी आपण हळदीकुंकवाला काडी धरतो तशी. लांब उभी होते, हात टेकायचा प्रश्नच आला नाही. दोन्हींवर वर्तुळ उमटलं. पडद्यावर हिरवं वर्तुळ बघून मी किती हरखले ते काय सांगू! आयुष्यभर कागदावर काढलं, आणि हे समोर काचेत उजळलं. मला ती खुर्ची हवी होती.

मग विक्रेता म्हणाला, "ह्या लहान पाटीच्या डाव्या बाजूला ही पट्टी बघा. इथं बोट टेकवलं की रंग बदलतो, इथं टेकवलं की पुसतं. उजव्या हातानं काढायचं, डाव्या हातानं ही पट्टी." मी विचारलं, "आणि मोठीला?" तो म्हणाला, "मोठीची पट्टी वर आहे, मधे. कुठलाही हात चालतो."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला. डावखुऱ्या बाईनं लहान पाटीवर काढायचं म्हटलं तर तिचा हात त्या पट्टीवरून जाणार. पट्टीला लागणार. एक रेघ काढायला जाईल आणि सगळं चित्र पुसून बसेल!

मिस्ये मोठी पाटी हातांनी चाचपत होते. "ही भक्कम वाटते. महाग आहे, पण आपल्याला टिकाऊ हवी. नाही का?" मी लगेच म्हटलं, "नाही हो मिस्ये, ती वायर मधे मधे येते. हिच्यावर बघा, दाबलं की रेघ, अगदी पेन्सिलीसारखं. हाताला कळतं आपण काय करतोय." विक्रेत्यानं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. त्याला महागडी विकायची होती. म्हणाला, "मादाम, चित्रकार लोक सहसा मोठी पसंत करतात." मी म्हटलं, "चित्र तुम्ही काढता का मी?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मिस्ये हसले. पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की. माझं ऐका, हीच घ्या." तिसऱ्यांदा विचारलं असतं तर गणपतीची शपथ घ्यायचीही तयारी होती माझी.

पाटी यायला पाच-सहा आठवडे लागले. त्या दिवसांत मी जावेशी इतकी गोड वागले की सासूबाईंना संशय यायला हवा होता. तिच्या आईसाठी मळ्यातली भाजी पाठवली. तिच्या डोक्याला तेल लावलं. ती म्हणाली, "ताई, माझी नेमणूक झाली नाही तरी चालेल, तुम्ही किती वर्षं बसलात तिथं." मी म्हटलं, "छे गं, देवाच्या मनात असेल ते होईल." देवाच्या मनात काय आहे ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं ना!

चाचणीचा दिवस आला. वरच्या खोलीत मिस्ये, यंत्र बसवायला आलेला मेकॅनिक आणि आम्ही दोघी. खालच्या पोरी कामं सोडून जिन्यात उभ्या. नक्षी एकच, दोघींनी काढायची. गुडघे मुडपून बसलेलं हरीण, मागं सुरूचं झाड. माझंच हरीण ते, शंभर वेळा काढलेलं. मान मोठेपणाचा, म्हणून पहिली मी.

खुर्चीत बसले. पदर खोचला, पाटी पुढे ओढली, काडी घेतली, आणि पंधरा वर्षं टेकत आले तसं मनगट टेकवलं. हिरव्या काचेच्या काकणांचा भरलेला हात, आमच्याकडे सवाष्णीचा हात असतो तसा. पहिली रेघ हरणाच्या पाठीची. पडद्यावर पाठ निघाली, आणि मधेच खाली झेप घेऊन कोपऱ्यात गेली. मी म्हटलं, हे काय? पुसलं. पुन्हा काढली. पुन्हा कोपऱ्यात. हरणाला भाला मारल्यासारखी एक रेघ आरपार. जिन्यात खिसखिस झाली.

मेकॅनिक वाकून बघत होता. फ्रेंचमध्ये म्हणाला, "मादाम, तुमच्या बांगड्या. ह्या पाटीला काडी काय नि बांगडी काय, सारखंच. जिथं दाब पडेल तिथं तिला रेघ वाटते. बांगड्या काढून ठेवा."

बांगड्या काढून ठेवा! जसा काही रुमाल. काचेची काकणं चढवली तेव्हा हात बारीक होता, आता पंधरा वर्षांच्या कामानं पंजा रुंद झालेला. निघणार नव्हती, फोडावी लागली असती. नवरा जिवंत असताना, कारखान्यात, चार परक्या माणसांसमोर काकणं फोडायची? मेकॅनिकला ते कळायचं कारण नव्हतं, पण जिन्यातल्या पोरी एकदम गप्प झाल्या. जाऊ पटकन पुढे आली, "नाही, नाही, ते नाही चालत," असं त्याला म्हणाली आणि आपला रुमाल माझ्या मनगटाला बांधायला लागली. तिचे हात माझ्या हाताला लागत होते आणि मला वाटत होतं, सोड मला, सोड.

रुमालानं काकणं झाली गप्प. पण मनगट? मनगटाचाही दाब पडतोच. आता रेघ कोपऱ्यात न जाता मधेच गचके खायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "हातही टेकवू नका, मादाम. अधांतरी धरा." अधांतरी धरला. लाथ मारल्यासारखी थरथरली रेघ. हरीण कसलं, भिजलेलं कुत्रं वाटत होतं. मी काडी खाली ठेवली आणि म्हटलं, "पाटीच वाकडी आहे." जिन्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडं. कोण बोललं ते मला आवाजावरून कळलं, आणि मी ते तिला आयुष्यभर माफ केलेलं नाही.

मग ती बसली. घड्याळ उजव्या हातातलं, तेही काढून ठेवलं, उगीच. डाव्या हातात काडी धरली. मी तिच्या मागं उभी राहून त्या पट्टीकडे बघत होते. आता लागेल, आता पुसलं जाईल. बाई गं, तो हात पट्टीच्या वरून गेला आणि पट्टीला शिवलासुद्धा नाही. बोटभर अंतर राखून, जसा शाळेत पट्टीच्या भीतीनं राखायला शिकला होता तसा. रेघ निघाली ती एका दमात, मानेपासून शेपटीपर्यंत. रंग बदलायचा तेव्हा मोकळा उजवा हात आडवा नेऊन पट्टीवर टेकवायची, जरा अवघड जागेतून, पण चुकली नाही. पाव तासात हरीण बसलं, झाड उभं राहिलं, आणि तिनं आपल्या मनानं झाडाखाली सावली घातली. मेकॅनिक म्हणाला, "अशी पाटी अशाच हाताला हवी. मोठी घेतली असती तर हिला निम्मंही जमलं नसतं, त्या जड लेखणीची वायर हिला सारखी ओढत राहिली असती."

आयो! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तिला ज्या पाटीवरून ढकलायला निघाले होते, ती मी जणू तिचं माप घेऊन शिवून आणली होती. सगळा मोठेपणा, सगळी हुशारी, 'चित्र तुम्ही काढता का मी', त्याचं हे फळ. मला रडू येत नव्हतं. मला तिचा तो डावा हात धरून कुठंतरी आपटावासा वाटत होता. जे खरं ते सांगते.

मिस्येंनी फार वेळ लावला नाही. संध्याकाळी, सुटायच्या आधी, मला खाली बोलावलं आणि नजर चुकवत म्हणाले, "मादाम, सोमवारपासून तपासणी." मी म्हटलं, "बरं." वर जाऊन पेन्सिली, खोडरबर, डबा पिशवीत घातला. चौकटीचे कोरे कागद तिथंच ठेवले, ते कारखान्याचे.

बसमध्ये ती माझ्या आधी पोहोचली होती. खिडकीची जागा माझ्यासाठी धरून बसलेली. उन्हं उतरली होती, गाडी पोरींनी गच्च भरली होती. मी बसले आणि बाहेर बघत राहिले. म्हटलं, आता सांत्वन करेल, कीव करेल, मग मी काय ते बोलेन, एकदाच बोलून टाकेन.

गाडी शहराबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "ताई, मला मिस्येंनी सगळं सांगितलं."

मी चटकन वळून विचारलं, "काय सांगितलं?"

"की त्यांना मोठी पाटी घ्यायची होती. विक्रेताही मोठीच घ्या म्हणत होता. तुम्ही दोघांशी भांडलात. दोनदा विचारलं तरी हटला नाहीत." तिचा आवाज भरून आला. "तुम्ही रोज माझा हात बघत होतात. मला वाटायचं थट्टा करता. शाळेत सगळ्यांनी ह्या हातावर मारलं, ताई. घरी बाबांनी बांधून ठेवला होता एकदा. हा हात कसा चालतो ते आजवर कुणी धड बघितलंसुद्धा नव्हतं. तुम्ही बघितलंत, आणि त्याला चालेल ती पाटी आणलीत. स्वतःला चालणार नाही हे ठाऊक असून."

तिनं डोळे पुसले आणि पुढे म्हणाली, "मी मिस्येंना सांगून आले. म्हटलं, मी एकटी नाही बसणार. ताई कागदावर काढतील, मी तो कागद पाटीवर ठेवून वरून गिरवीन. नक्षी ताईंची, गिरवणं माझं. नाहीतर दुसरी कुणी बघा. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, ठीक, दोघी बसा वर. तुम्ही सोमवारी खाली जायचं नाही, ताई. चालेल ना?"

चालेल ना, म्हणून मला विचारत होती! खुर्ची तिची झाली होती, आणि त्या खुर्चीच्या शेजारी मला बसवायला तिनं ती पणाला लावली होती. कशासाठी? मी न केलेल्या उपकारासाठी. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. 'मी ती पाटी तुला घालवायला घेतली.' ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. पण ते बोलले तर सोमवारी मी दिव्यापाशी उभी, बाह्यांतली भोकं शोधत, आणि वर जाणारा जिना कायमचा बंद. गाडीनं वळण घेतलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला.

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "अगं वेडे, थोरली जाऊ मग असते कशाला?"

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि दमलेल्या पोरासारखी क्षणात झोपली. आता ती माझ्यापेक्षा चांगली चित्रकारच नव्हे, चांगली बाईसुद्धा ठरली होती, आणि ते मला मेलं त्याहून सोसेना. तेर रूज येईपर्यंत मी हललेही नाही. तिचं डोकं सांभाळत तिच्यावर जळत बसले.